जुन्या पिकअप गाडीचे ‘मिसिंग’ : दोष कसा ओळखावा?

बेळगाव व खानापूर भागांतील भाजीपाला चोर्ला घाटातून गोव्याच्या बाजारपेठांत उतरतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आसपासच्या गावांतून नारळ, मिरची, केळी व मातीची भांडी येतात. ही वाहतूक आज मुख्यतः नव्या डिझेल गाड्यांतून होत असली, तरी जीपच्या सांगाड्यावर मागे हौदा बसविलेल्या जुन्या पेट्रोल गाड्या काही शेतकऱ्यांनी, बागायतदारांनी व संस्थांनी अजूनही जपून ठेवल्या आहेत. अशा गाडीवर कुटुंबाचा हंगामी व्यवहार अवलंबून असतो. भरलेली गाडी घाटाच्या चढणीवर हिसके देऊ लागली, तिचा जोर निम्म्यावर आला आणि सायलेन्सरमधून फटफट आवाज निघू लागला, की मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो खर्चाचा.

कारागिरांच्या भाषेत या विकाराला ‘मिसिंग’ म्हणतात. त्यावरील नेहमीचा उपाय म्हणजे प्रथम सर्व प्लग बदलणे, गुण न आल्यास कॉइल बदलणे आणि तरीही गुण न आल्यास कार्बोरेटर उतरविणे. या पद्धतीत पैसा जातो, दिवस मोडतो आणि मूळ दोष अनेकदा जागच्या जागी राहतो. वस्तुतः मिसिंग हा विकार क्रमाने शोधला असता बहुधा सापडतोच. त्यासाठी लागणारी साधने थोडी आहेत. लागतो तो एक नियम : दोष कोठे आहे हे निश्चित झाल्याशिवाय कोणताही सुटा भाग बदलू नये.

इंजिन चुकते म्हणजे काय होते?

निकोलाउस ऑटो या जर्मन तंत्रज्ञाने १८७६ मध्ये सिद्ध केलेल्या चार धावांच्या इंजिनाचे तत्त्व आजही तेच आहे. पहिल्या धावेत सिलिंडर हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढतो, दुसऱ्या धावेत ते दाबले जाते, तिसऱ्या धावेच्या आरंभी ठिणगीने पेटून ते पिस्टनला खाली ढकलते आणि चौथ्या धावेत जळलेला वायू बाहेर पडतो. यांपैकी केवळ तिसरी धाव काम देते. उरलेल्या तीन धावा तिची तयारी व आवराआवर करतात.

मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या मंद गतीने चालणाऱ्या चार सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर सेकंदाला ५ वेळा, म्हणजे सर्व मिळून २० वेळा पेट घेतात. एक सिलिंडर मृत झाला, तर या वीस ठोक्यांतील पाच गळतात. म्हणूनच गाडी उभी असताना बॉनेट थरथरते आणि सायलेन्सरचा आवाज लंगडा होतो. मृत सिलिंडर काम तर देत नाहीच. उलट त्यातील पिस्टन ओढून नेण्याचा भार अन्य तिघांवर पडतो.

असे इंजिन रेटत चालविणे महाग पडते. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन टाकते व खाली उतरून इंजिन ऑइल पातळ करते; त्यायोगे रिंगा व बेअरिंगे झिजतात. काही पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये पेटून धडाका होतो. घाटात ऐन वळणावर जोर गेल्यास जीवितालाही धोका संभवतो. प्रदूषण तपासणीच्या दाखल्यावर हायड्रोकार्बनचा जो आकडा असतो, तो न जळलेल्या इंधनाचाच निदर्शक होय. तो आकडा मागील वेळेपेक्षा एकाएकी वाढलेला दिसल्यास, कानाला मिसिंग जाणवण्याआधीच ती पूर्वसूचना समजावी.

सिलिंडर पेटण्यास तीन गोष्टी लागतात : योग्य वेळी ठिणगी, योग्य प्रमाणात मिश्रण आणि पुरेसा दाब. यांपैकी एक जरी उणी पडली, तरी सिलिंडर चुकतो. म्हणून सर्व तपासणी या तीन प्रश्नांतच मावते.

प्रथम लक्षण नीट पाहावे

पाना हाती घेण्यापूर्वी मिसिंग केव्हा होते, याची नोंद करावी. दोष कोणत्या वेळी दिसतो यावरून तो कोठे असावा याचा निम्मा उलगडा होतो.

पावसात अथवा दवात सकाळी मिसिंग होऊन गाडी तापल्यावर ते थांबत असेल, तर डिस्ट्रिब्युटरचे झाकण व प्लगच्या वायरी यांवर साचलेल्या ओलाव्याचा संशय घ्यावा. गोमंतकातील दमट हवेत व चार महिन्यांच्या पावसात हा दोष विशेष आढळतो. गाडी थंड असता ठीक चालून तापल्यावर अडखळू लागली, तर कॉइल किंवा कंडेन्सर तपासावा. केवळ मंद गतीवर मिसिंग होऊन वेग वाढताच ते नाहीसे होत असेल, तर कोठून तरी फाजील हवा आत शिरत असावी किंवा कार्बोरेटरचा मंद गतीचा मार्ग तुंबलेला असावा. उलट, केवळ चढणीवर व भार असतानाच गाडी चुकत असेल, तर प्लगमधील फट वाढलेली असणे, कॉइल अशक्त असणे अथवा पेट्रोल अपुरे पोहोचणे ही कारणे संभवतात. गाडी दहा-पंधरा मिनिटे उत्तम चालून मग उपासमार झाल्यासारखी थांबत असेल, तर पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडून पाहावे. आत हवा ओढल्याचा ‘फुस्स’ आवाज आला व त्यानंतर गाडी नीट चालू लागली, तर झाकणाचे श्वासछिद्र बुजले आहे असे समजावे. हे छिद्र साफ करण्यास काहीच खर्च येत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ठोके नियमित अंतराने गळत असतील, तर दोष बहुधा एकाच सिलिंडरपुरता असतो. ते अनियमितपणे, कधी येथे तर कधी तेथे गळत असतील, तर दोष सर्व सिलिंडरांना सामाईक असलेल्या भागात, म्हणजे कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, कार्बोरेटर अथवा पेट्रोलच्या मार्गात शोधावा. एका कार्बोरेटरमधून चारही सिलिंडरांना मिश्रण मिळत असल्यामुळे केवळ एक सिलिंडर मृत असता कार्बोरेटर उतरविणे बहुधा व्यर्थ ठरते.

कोणता सिलिंडर मृत आहे?

हे ठरविण्याची रीत सोपी आहे. इंजिन बंद करून पहिल्या सिलिंडरची प्लग-वायर काढावी. ती एका जुन्या, चांगल्या प्लगला जोडून त्या प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या स्वच्छ, उघड्या धातूला घट्ट बांधावा. हा प्लग कार्बोरेटरपासून व पेट्रोलच्या नळीपासून दूर असावा. नंतर इंजिन सुरू करून आवाज ऐकावा, पुन्हा बंद करावे, वायर जागेवर बसवावी व हाच प्रयोग क्रमाने इतर सिलिंडरांवर करावा. चालू सिलिंडरची वायर काढली असता इंजिन आणखी लंगडे होते. ज्या सिलिंडरची वायर काढूनही आवाजात फरक पडत नाही, तोच मृत सिलिंडर होय.

इंजिन चालू असताना हाताने वायर ओढण्याची सवय अनेकांना असते. ती सर्वथा टाळावी. वायरीतील विद्युत्दाब हजारो व्होल्टचा असतो. त्याच्या झटक्याने हात फिरत्या पंख्यात जाण्याचा धोका असतो. शिवाय ठिणगीला जमिनीचा मार्ग न मिळाल्यास कॉइलमधील आवरण फुटू शकते. इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन व सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या नव्या गाड्यांवर वरील प्रयोग मुळीच करू नये.

ठिणगीची तपासणी

मृत सिलिंडर निश्चित झाल्यावर त्याचा प्लग काढून पाहावा. प्लगचे टोक म्हणजे सिलिंडरची जणू जीभच होय. फिकट तपकिरी रंग निरोगीपणाचा समजावा. कोरडी काळी काजळी असल्यास पेट्रोल प्रमाणाबाहेर जात आहे. काळे, ओले व तेलकट टोक असल्यास रिंगा अथवा व्हॉल्व्हचे गाइड झिजून तेल वर चढत आहे. पांढरे फटक व फोड आल्यासारखे टोक मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचे अथवा प्लग अति तापल्याचे सांगते. टोक पेट्रोलने भिजलेले असल्यास मिश्रण येते, पण ठिणगी पडत नाही, असा अर्थ होतो.

यानंतर अदलाबदल करावी. समजा, तिसरा सिलिंडर मृत आहे. त्याचा प्लग पहिल्यात व पहिल्याचा प्लग तिसऱ्यात बसवून पुन्हा तपासावे. मिसिंग पहिल्या सिलिंडरवर गेले, तर प्लग दोषी. ते तिसऱ्यावरच राहिले, तर प्लग निर्दोष आहे. आता वायर बदलून पाहावी. वायर बदलूनही दोष तिसऱ्याला सोडत नसेल, तर डिस्ट्रिब्युटरच्या झाकणातील त्याचे टोक पाहावे. एका वेळी एकच बदल करावा, हे येथे महत्त्वाचे आहे. दोन भाग एकदम बदलले, तर गुण कशाने आला हे कळण्यास मार्ग राहत नाही.

डिस्ट्रिब्युटरचे झाकण कोरड्या कापडाने पुसून उजेडात निरखावे. केसासारखी बारीक चीर अथवा पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसल्यास तेथून वीज आडमार्गाने पळते. असे झाकण बदलणेच योग्य. रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनाकडे दुरून पाहिल्यास खराब वायरींवर निळसर चमक खेळताना दिसते. समुद्राजवळच्या गावांत बॅटरीपासून सांगाड्याकडे जाणारी अर्थिंगची पट्टीही गंजते. ती घासून घट्ट करावी.

महिंद्र कंपनीने भारतात १९४७ पासून जीप जुळविण्यास आरंभ केला. त्या परंपरेतील अनेक पेट्रोल गाड्यांना ‘हरिकेन’ नावाचे सुमारे २.२ लिटरचे चार सिलिंडरी इंजिन बसविलेले असे. त्यात सिलिंडर १-३-४-२ या क्रमाने पेट घेतात. या क्रमामुळे शेजारी-शेजारी असलेले तिसरा व चौथा, तसेच दुसरा व पहिला हे सिलिंडर एकापाठोपाठ पेटतात. म्हणून त्यांच्या वायरी एकमेकींस चिकटून नेऊ नयेत. अन्यथा एकीतील वीज दुसरीत उतरून शेजारचा सिलिंडर अवेळी पेटू शकतो. वायरी काढण्यापूर्वी प्रत्येकीवर क्रमांकाची चिठ्ठी बांधल्यास पुढील घोटाळा टळतो.

या इंजिनात प्लगची फट सुमारे ०.७५ मिलिमीटर व पॉइंटची फट सुमारे ०.५ मिलिमीटर ठेवतात. अन्य इंजिनांसाठी त्या त्या गाडीची माहितीपुस्तिका प्रमाण मानावी. फट फिलर गेजने मोजावी. डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नये. पॉइंटची फट बदलली की ठिणगीची वेळही बदलते, यास्तव त्यानंतर टायमिंग पुन्हा तपासावे. पॉइंट वारंवार जळत असतील, तर कंडेन्सर निकामी झाला असण्याचा संभव असतो.

इंधनाची तपासणी

ठिणगी निळी, जोमदार व नियमित असूनही गाडी अनियमितपणे चुकत असेल, तर पेट्रोलकडे वळावे. फिल्टर, पंपाची गाळणी व कार्बोरेटरचे भांडे यांत गंज, गाळ व पाणी साचते. पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काही वेळ स्थिर ठेवल्यास पाणी तळाशी वेगळे दिसते.

या संदर्भात एक बदल ध्यानात घेणे आवश्यक आहे. देशातील पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. इथेनॉल जळण्यास पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. त्यामुळे निव्वळ पेट्रोलसाठी बेतलेल्या जुन्या जेटमधून मिळणारे मिश्रण इंजिनाला काहीसे विरळ पडते व गाडी अडखळू शकते. इथेनॉल हवेतील ओलावाही शोषून घेते. पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभ्या राहिलेल्या गाडीत ओलावा प्रमाणाबाहेर गेल्यास पाणी व इथेनॉल यांचा थर तळाशी वेगळा होतो, आणि पंप प्रथम तोच उचलतो. जुन्या रबरी नळ्या व पंपाचा पडदाही या मिश्रणाने मऊ होतात किंवा तडकतात. म्हणून गाडी दीर्घकाळ उभी ठेवावयाची असल्यास टाकी रिकामी करून ठेवावी. पेट्रोलच्या नळ्या प्रतिवर्षी पाहाव्या व बदलताना इथेनॉलला टिकणारी नळीच घ्यावी.

फाजील हवा शिरण्याची जागा शोधताना काही जण सांध्यांवर पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या इंजिनावर हा प्रकार आगीला निमंत्रण देणारा आहे. त्याऐवजी तेलाच्या कुपीने सांध्यावर इंजिन ऑइलचे थेंब सोडावे; इंजिनाची चाल क्षणभर सुधारल्यास गळती तेथेच आहे असे समजावे. हरिकेन इंजिनात मिश्रण नेणारा मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असल्यामुळे अशी गळती मुख्यतः कार्बोरेटरखालचे गॅस्केट, थ्रॉटलचा झिजलेला दांडा व निर्वाताच्या नळ्या येथे शोधावी. इतर अनेक इंजिनांत मॅनिफोल्ड व हेड यांमधील गॅस्केटही तपासावे लागते.

दाबाची तपासणी

ठिणगी व इंधन दोन्ही ठीक असता एकच सिलिंडर हट्टाने मृत राहिला, तर दाब मोजावा. इंजिन गरम करून चारही प्लग काढावे, कॉइलकडे येणारा विद्युत्प्रवाह तोडावा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि प्रत्येक सिलिंडरला कॉम्प्रेशन गेज लावून स्टार्टरने पाच-सहा दाब द्यावेत. येथे एकट्या आकड्यापेक्षा चार आकड्यांची परस्पर तुलना अधिक सांगते. सर्वांत कमी आकडा सर्वांत अधिक आकड्याच्या तीन-चतुर्थांशांहूनही कमी भरला, तर तो सिलिंडर निश्चित आजारी आहे.

अशा सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा बराच वाढल्यास रिंगा अथवा सिलिंडर झिजले आहेत, कारण तेलाने ती फट तात्पुरती बुजविली. आकडा वाढलाच नाही, तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही अथवा गॅस्केट फुटले आहे. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवीत असतील, तर त्यांच्यामधील हेड गॅस्केट फुटल्याचे ते ठळक चिन्ह होय.

व्हॉल्व्हच्या बाबतीतही काळाचा परिणाम झालेला आहे. पूर्वी पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीला संरक्षण देत असे. आरोग्यास घातक असल्याने २००० मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल लागू झाले, आणि ते योग्यच झाले. मात्र जुन्या इंजिनांतील मऊ बैठका त्यानंतर अधिक भाराखाली झिजून निकासाचा व्हॉल्व्ह खोल बसू शकतो व टॅपेटची फट नाहीशी होते. फट उरली नाही की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, दाब गळतो व व्हॉल्व्हची कड जळते. फट वाढली तर टकटक आवाज येतो. ती नाहीशी झाली तर आवाज येत नाही. म्हणून आवाज नाही एवढ्यावर समाधान न मानता टॅपेट ठरावीक काळाने मोजून घ्यावेत. वेळीच फट जुळविल्यास हेड उतरविण्याचा मोठा खर्च वाचू शकतो.

डिझेल गाड्यांविषयी

डिझेल इंजिनात प्लगची ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पेटतो. त्यामुळे तेथील मिसिंगमध्ये इंधनमार्गात शिरलेली हवा, तुंबलेला फिल्टर, खराब नोझल व कमी दाब यांचा विचार करावा. यांत्रिक पंपाच्या जुन्या गाडीत कारागीर नोझलच्या नळीची एकेक नट क्षणभर सैल करून मृत सिलिंडर ओळखतात. मात्र तो फवारा कातडी भेदून शरीरात शिरण्याइतका जोरकस असतो. म्हणून हे काम अनुभवी कारागिरानेच करावे. नव्या कॉमन रेल पद्धतीच्या गाडीवर ही रीत कदापि वापरू नये. तेथील दाब कितीतरी अधिक असून प्राणावर बेतू शकते.

नोंद ठेवण्याचे महत्त्व

शासकीय वाहनांसाठी नोंदवही असते. खाजगी मालकानेही साधी वही ठेवावी. प्लग केव्हा बदलले, प्रत्येक प्लगचा रंग कोणता होता, चार सिलिंडरांचे दाब किती भरले व प्रदूषण दाखल्यावरील आकडे कोणते होते, एवढे लिहिले तरी पुढील दोष लवकर सापडतो. कार्यालयातील वाहनाच्या दुरुस्तीस मंजुरी देताना अधिकाऱ्यांनी ‘कोणता सिलिंडर आणि तीन कारणांपैकी कोणते?’ हा प्रश्न विचारावा. ज्या कारागिराने क्रमाने तपासणी केली आहे, त्याला याचे उत्तर तत्काळ देता येते. विज्ञानाच्या शिक्षकांनाही यात एक चांगला पाठ मिळू शकेल : एका वेळी एकच गोष्ट बदलावी, परिणाम पाहावा आणि मगच निष्कर्ष काढावा.

गावातील मालकाने कारागिराकडे जाताना केवळ ‘गाडी चुकते’ असे न सांगता ती केव्हा चुकते, थंड असता की तापल्यावर, सपाटीवर की चढणीवर, आणि कोणता सिलिंडर मृत आहे, एवढे सांगितले तर कारागिराचा वेळ व मालकाचा पैसा दोन्ही वाचतात. पावसाळ्यापूर्वी डिस्ट्रिब्युटरचे झाकण, वायरी व पेट्रोलच्या नळ्या यांची तपासणी करून घेतल्यास ऐन हंगामात माल भरलेली गाडी घाटात अडकण्याचा प्रसंग बऱ्याच अंशी टळेल.